‘अश्लील शिवीगाळ’ ही द्विरुक्ती आहे का?

प्रश्न असा आला आहे: ‘बातम्यांत आणि फिर्यादींत “अश्लील शिवीगाळ” असं नेहमी वाचतो. शिवी म्हटली की ती अश्लीलच. मग विशेषण वेगळं कशाला? आणि चारचौघांत शिवी हासडली की गुन्हा होतोच का?’

द्विरुक्ती आहे खरी, पण ती नामातच आहे. शिवी आणि गाळ दोन्ही एकाच अर्थाचे. हा गाळ नदीतला नव्हे. संस्कृत ‘गालि’वरून आलेली, हिंदी ‘गाली’ची बहीण असलेली ही गाळ स्त्रीलिंगी, म्हणून ‘शिवीगाळ केली’. ‘अश्लील’ मात्र भरीचा शब्द नाही. निदान एका कलमापुरता तरी सगळा खटला त्या विशेषणावरच उभा राहतो किंवा आडवा होतो.

ते कलम म्हणजे भारतीय दंड संहितेतलं २९४. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २९६ झालं. गंमत अशी की त्यात ‘शिवी’ हा शब्दच नाही. सार्वजनिक ठिकाणी किंवा त्याच्या जवळपास, इतरांना त्रास होईल अशा तऱ्हेने अश्लील गाणं म्हणणं किंवा अश्लील शब्द उच्चारणं, हा तो गुन्हा. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे शब्द अश्लील हवा, जागा सार्वजनिक हवी आणि कुणाला तरी त्याचा त्रास व्हायला हवा. शिवी नेमकी कुणाला उद्देशून दिली, याची मात्र अट नाही.

आता अश्लील कशाला म्हणायचं? मूळ शब्द ‘अश्रील’, म्हणजे ज्यात श्री नाही ते. ‘र’चा ‘ल’ झाला. संस्कृत काव्यशास्त्राने अश्लीलता हा काव्यदोष मानला आणि त्याचे तीन प्रकार केले: लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगल सुचवणारं. या मापाने आपल्या जवळजवळ सगळ्या शिव्या अश्लीलच ठरतील. आईबहिणीवरून दिलेल्या पहिल्या प्रकारात, मलमूत्राच्या दुसऱ्यात, आणि ‘मेल्या’, ‘मुडद्या’ तिसऱ्यात. प्रश्नकर्त्याच्या मनातला अश्लील हाच आहे, मराठी बोलणाऱ्या बहुतेकांच्या मनातलाही.

कायद्याने यातला फक्त पहिला प्रकार उचलला, तोही निम्मा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये याच कलमाबद्दल सांगितलं की शब्द नुसते शिवराळ, अपमानकारक किंवा बदनामीकारक असले म्हणून हा गुन्हा होत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात कामुक भावना चाळवणारं काही त्यात हवं. २०२४ मध्ये एका वेब मालिकेतल्या शिवराळ संवादांवरून माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली झालेल्या खटल्यातही न्यायालयाने हाच फरक केला: शिव्या असभ्य असतील, किळसवाण्या असतील, पण रागाच्या भरात तोंडातून गेलेली शिवी कुणी तिच्या शब्दशः अर्थाने घेत नाही. मला हे भाषेच्या अंगानेही पटतं. आईवरून शिवी देणाऱ्याच्या मनात त्या क्षणी संताप असतो, दुसरं काही नसतं.

मग फिर्यादींत ‘अश्लील’ इतकं का दिसतं? मला यामागे एक व्यवहारी कारण दिसतं. हा गुन्हा दखलपात्र आहे. नुसत्या शिवीगाळीला सहसा लागतं ते कलम ५०४, आताचं ३५२: शांतताभंग व्हावा या हेतूने, किंवा तो होईल हे ठाऊक असताना, जाणूनबुजून केलेला अपमान. त्याला शिक्षा दोन वर्षांपर्यंत, म्हणजे कितीतरी जास्त. पण तो अदखलपात्र, बोलीभाषेत ‘एनसी’. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. मोठ्या शिक्षेचा गुन्हा नोंदवहीत पडून राहतो आणि छोट्या शिक्षेच्या गुन्ह्याला एका विशेषणाने चाकं लागतात. आणि या ३५२ला सार्वजनिक जागेची अट मुळीच नाही. घरात बोललेला शब्दही चालतो, आणि तो ‘नालायक’सारखा सोवळा असला तरी चालतो, प्रश्न असतो तो चिथावणीचा. रस्त्यावरच्या अशाच शिवीगाळीसाठी आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधलं कलम ११२ही आहे.

‘जातिवाचक शिवीगाळ’ हा शब्दप्रयोग तर याहून वेगळा. तिथे शिवी असावीच लागत नाही. दाखल्यावर छापलेलं जातीचं नाव अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या माणसाने त्या समाजातल्या कुणाला शिवीसारखं वापरलं, की १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होतो. इथली अट ‘सार्वजनिक ठिकाण’ अशी नसून ‘लोकांच्या नजरेसमोरचं ठिकाण’ अशी आहे. बातमीदार या दोन्हींची सरमिसळ करतात, ती करू नये. घरापुढचं अंगण खासगी असतं, पण रस्त्यावरून दिसत असेल तर ते नजरेसमोरचं ठरतं. उलट चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना झालेलं बोलणं त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या निकालात म्हटलं आहे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांसाठी न्याय संहितेत आणखी एक कलम आहे, ७९ (पूर्वीचं ५०९). ३५२प्रमाणे तिथेही जागेची अट नाही.

राहता राहिला ‘अर्वाच्य’. हा मूळ ‘अवाच्य’, म्हणजे तोंडातून काढू नये असा शब्द. र-कार मराठीत मागाहून चिकटला. बातमीत तो शोभतो, फिर्यादीत मात्र पंचाईत करतो. ‘अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली’ एवढंच लिहिलं, तर शब्द अश्लील होते की नुसते अपमानकारक, हे ठरवणार कशावरून? ५०४साठी नेमके शब्द फिर्यादीत असलेच पाहिजेत असं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटलं आहे. पूर्ण फिर्याद वाचून ठरवायचं. २९६ लावायचं असेल, तर लाज बाजूला ठेवून शिवी जशी दिली तशी लिहून द्यावी.