अमेरिकेने इस्रायल-पॅलेस्टाईन शांततेसाठी खरोखर प्रयत्न केले, की ते नुसतं नाटक होतं?

तुमचा प्रश्न असा की कार्टरपासून ट्रम्पपर्यंत जवळपास प्रत्येक राष्ट्राध्यक्ष हा विषय हातात घेतो, हस्तांदोलनाचे फोटो छापून येतात आणि काही वर्षांत पुन्हा युद्ध, मग यात खरं किती आणि देखावा किती? मी इतिहासाचा अभ्यासक नाही. रसायनशास्त्राच्या संशोधनासाठी दोन वर्षं इस्रायलमधल्या रेहोवोतला होतो, सुट्टीच्या दिवशी बसने जमेल तितका वेस्ट बँक, म्हणजे इस्रायलच्या ताब्यातला पॅलेस्टिनी भाग, पाहिला, आणि तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रयत्न खरे होते. पण करार घडवून आणणं वेगळं आणि झालेला करार पाळून घेणं वेगळं. दुसरी जबाबदारी अमेरिकेने मनापासून एकदाच अंगावर घेतली, आणि ती ज्या करारासाठी घेतली तो पॅलेस्टिनींचा नव्हता.

ती वेळ म्हणजे सप्टेंबर १९७८. मेरीलँडच्या डोंगरात कॅम्प डेव्हिड नावाचं राष्ट्राध्यक्षांचं विश्रामस्थान आहे. तिथे जिमी कार्टर यांनी इस्रायलचे पंतप्रधान मेनाखेम बेगिन आणि इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात यांना १३ दिवस ठेवून घेतलं. सुरुवातीच्या बैठकांतच दोघे एकमेकांवर इतके भडकले की कार्टरनी त्यांना वाटाघाटीसाठी समोरासमोर बसवणंच सोडून दिलं. मग मसुदा घेऊन कार्टर स्वतः या कॉटेजमधून त्या कॉटेजमध्ये जायचे. खाडाखोड करत त्या मसुद्याच्या वीसहून जास्त आवृत्त्या झाल्या.

शेवटच्या दिवशी जेरुसलेमबद्दलच्या एका पत्रावरून पुन्हा घोडं अडलं आणि बेगिन निघायच्या तयारीला लागले. बेगिननी नातवंडांसाठी तिघांच्या फोटोंवर कार्टरची सही मागितली होती. कार्टरच्या सेक्रेटरीने त्या नातवंडांची नावं मिळवली, कार्टरनी एकेका फोटोवर एकेक नाव लिहिलं आणि ते फोटो स्वतः बेगिनच्या कॉटेजवर नेऊन दिले. बेगिन नावं मोठ्याने वाचू लागले आणि त्यांचे ओठ थरथरले, डोळे भरून आले. नंतर कार्टरनी पत्रातले शब्द सौम्य केले, बेगिननी ते मान्य केले आणि त्याच संध्याकाळी सगळे सहीसाठी व्हाइट हाउसला निघाले. हे वाचल्यावर सगळं नाटक होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मात्र त्या दिवशी दोन कागदांवर सह्या झाल्या, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या दोन कागदांतल्या फरकात आहे.

पहिला कागद इजिप्तचा. त्यातून मार्च १९७९चा तह झाला. सिनाई, म्हणजे इस्रायलच्या ताब्यातलं इजिप्तचं वाळवंट, कधी, किती टप्प्यांत सोडायचं, कुठे किती सैन्य ठेवायचं, सगळं लिहिलेलं. संयुक्त राष्ट्रांची फौज मिळेना, तेव्हा अमेरिकेने वेगळी बहुराष्ट्रीय फौज उभी केली, स्वतःचे सैनिक दिले, आणि ती फौज आजही सिनाईत आहे. दोन्ही देशांना भरघोस मदत दिली. सिनाईतली यामित ही वसाहत इस्रायलने स्वतःच्याच नागरिकांना ओढून बाहेर काढत रिकामी केली आणि एप्रिल १९८२ मध्ये सिनाईतून पाय काढला. त्याआधीच, ऑक्टोबर १९८१ मध्ये, सादातची हत्या झाली होती. तरी तह टिकला. पुढे लेबनॉनचं युद्ध झालं, गाझाचं झालं, कैरोत सत्ता पालटली, तरी टिकला.

हा तह म्हणजे काय हे मला लोदच्या एका आजींनी समजावलं. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मूळच्या अलिबागकडच्या. त्यांचं मराठी माझ्या आईच्या मराठीहून जुनं. शुक्रवारी दुपारी बस बंद व्हायच्या आत त्यांच्याकडे पोहोचायचं, रात्री नारळाच्या रसातलं माशाचं कालवण जेवायचं, आणि शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संपेपर्यंत तिथेच राहायचं. १९७३च्या युद्धात त्यांचे यजमान सिनाईत ट्रक चालवत होते आणि तीन आठवडे घरी काही खबर नव्हती. आजी म्हणाल्या, "बाळा, माझा मुलगा ऐंशी साली सैन्यात गेला, पण त्या वाळूत लढायला नाही गेला. लेबनॉनला गेला. वाळूत नाही." हे त्यांनी ताटात भात वाढता वाढता सांगितलं.

दुसरा कागद वेस्ट बँक आणि गाझाचा. 'पूर्ण स्वायत्तता' आणि पाच वर्षांचा संक्रमणकाळ. पण हा कागद ज्यांच्या आयुष्याबद्दल होता, त्यांच्यातला एकही माणूस कॅम्प डेव्हिडला नव्हता. जॉर्डनवर त्यात जबाबदाऱ्या टाकल्या होत्या आणि जॉर्डनही तिथे नव्हतं. तिथल्या नव्या इस्रायली वसाहती थांबवण्याबद्दल तर एकाच बैठकीतून दोन माणसं दोन समजुती घेऊन उठली. कार्टरना वाटलं की स्वायत्ततेच्या वाटाघाटी संपेपर्यंत काम बंद. बेगिन म्हणाले, मी फक्त तीन महिने म्हटलं होतं. इतकी कळीची गोष्ट सहीच्या आधी लेखी का घेतली नाही, हे मला आजही उमगत नाही. स्वायत्ततेची बोलणी रेंगाळली, कार्टर १९८०ची निवडणूक हरले, आणि त्या कागदाचं भिजत घोंगडं पडलं.

त्यातच अमेरिकेने स्वतःचेच हात बांधून घेतले होते. इस्रायलचा अस्तित्वाचा हक्क आणि सुरक्षा परिषदेचा ठराव २४२ (जिंकलेली जमीन सोडा, बदल्यात शांतता घ्या, असं सांगणारा) मान्य केल्याशिवाय पीएलओशी, म्हणजे अराफात यांच्या पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेशी, बोलणार नाही, असं वचन परराष्ट्रमंत्री किसिंजरनी १९७५ मध्ये इस्रायलला दिलं होतं. १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांतले अमेरिकी राजदूत अँड्र्यू यंग पीएलओच्या प्रतिनिधीला भेटले एवढ्यावरून त्यांना राजीनामा द्यावा लागला. ही कोंडी १९८८ अखेरीपर्यंत चालली. ज्याच्याशी तडजोड करायची त्याच्याशीच बोलायचं नाही, मग मध्यस्थी करायची कुणाशी?

इस्रायल आणि पीएलओ यांच्यातला ओस्लोचा करार अमेरिकेने घडवलेला नव्हताच. नॉर्वेने गुपचूप घडवला, अमेरिकेने १३ सप्टेंबर १९९३ला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर समारंभ केला. तिथेही जुनीच चूक झाली. इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि अराफात यांच्या पत्रांत पीएलओने इस्रायलचा अस्तित्वाचा हक्क मान्य केला. इस्रायलने मात्र पीएलओला पॅलेस्टिनी लोकांचे प्रतिनिधी म्हणून मान्य केलं. पॅलेस्टिनी राज्य हा शब्द कुठेच नव्हता. सीमा, जेरुसलेम, निर्वासित, वसाहती असं सगळं अवघड ते पुढे ढकललं. पुन्हा पाच वर्षांचा अंतरिम काळ, तो ४ मे १९९९ला संपायचा होता. आणि यावेळी सिनाईसारखी फौज नाही, उल्लंघनाचा हिशेब ठेवणारा तिसरा माणूस नाही, मुदत चुकली तर काय याचं उत्तर नाही.

जेरिकोच्या वेशीवर मोठी लाल पाटी आहे. हिब्रू, अरबी आणि इंग्रजीत लिहिलंय की हा रस्ता 'ए' क्षेत्रात जातो, इस्रायली नागरिकांना प्रवेश बंद, जिवाला धोका, आणि हे इस्रायली कायद्याविरुद्ध आहे. ए, बी, सी ही १९९५च्या दुसऱ्या ओस्लो कराराची वाटणी. ए म्हणजे पॅलेस्टिनी कारभाराचा भाग. सी म्हणजे वेस्ट बँकचा सुमारे ६० टक्के भाग, पूर्ण इस्रायली ताब्यात. शेअर टॅक्सीत माझ्या शेजारी एक शाळामास्तर बसले होते. जुलै १९९४ मध्ये अराफात जेरिकोला आले तेव्हा ते वडिलांच्या खांद्यावर बसून बघायला गेले होते. लाल पाटीकडे बोट करून म्हणाले, "ही तात्पुरती आहे म्हणून सांगितलं होतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला ते जास्त लागलं.

ओस्लोच्या वेळी वेस्ट बँकमध्ये, पूर्व जेरुसलेम सोडून, सुमारे १ लाख १० हजार इस्रायली वसाहतींत राहत होते. आज ते ५ लाखांच्या वर आहेत. वाटाघाटी चालू असताना त्याच जमिनीवर घरं उठत राहिली. अमेरिका बहुतेक वेळा 'हे शांततेला अडथळा' म्हणत राहिली आणि मदत देत राहिली. २०१६ मध्ये झालेल्या समझोत्यात दहा वर्षांसाठी ३८ अब्ज डॉलर कबूल केले, तेही ओबामांच्या काळात.

दबाव टाकला तर काही होतच नाही, असं म्हणणाऱ्यांना मी दोन प्रसंग सांगतो. १९५७ मध्ये आयझेनहॉवरनी रेटा लावला आणि इस्रायल सिनाईतून मागे गेलं. १९९१ मध्ये थोरल्या बुशनी वसाहतींच्या मुद्द्यावर इस्रायलने मागितलेल्या १० अब्ज डॉलरच्या कर्जहमीला अडवलं. त्याच वर्षी माद्रिदची परिषद झाली, पुढच्या वर्षी इस्रायली मतदारांनी पंतप्रधान शामीर यांच्या जागी राबिनना आणलं. पण स्वतः बुशही हरले, आणि वॉशिंग्टनमधल्या राजकारण्यांनी त्यातून नको तो धडा घेतला.

२००० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी इस्रायली आणि पॅलेस्टिनी नेत्यांची कॅम्प डेव्हिडला परिषद भरवली, तिच्याबद्दल लोक एका वाक्यात निकाल देतात की समोर ठेवलेलं अराफातनी नाकारलं. नाकारलं, हे खरंच. ठोस प्रतिप्रस्तावही ठेवला नाही, ही त्यांची मोठी चूक. पण तयारी नाही असं ते आधीच सांगत होते, आणि फिसकटलं तर खापर तुमच्यावर फोडणार नाही असं क्लिंटननी त्यांना सांगितलं होतं. २५ जुलैला परिषद संपताच ते खापर फुटलंच. पाच वर्षांनी, त्या अमेरिकी चमूतले आरोन डेव्हिड मिलर यांनी वर्तमानपत्रात लिहून कबूल केलं की आम्ही बरेचदा इस्रायलच्या वकिलासारखे वागलो. ज्यांनी आतून पाहिलं त्यांची ही कबुली आहे.

याचा अर्थ सगळा दोष अमेरिकेचा असा मी मुळीच लावत नाही. हमासच्या आत्मघाती बॉम्बस्फोटांनी ओस्लोवरचा इस्रायली माणसाचा विश्वास बसमध्ये आणि बाजारात मारला. हेब्रॉनच्या मशिदीत २९ जणांना गोळ्या घालणारा आणि राबिनना मारणारा, दोघेही इस्रायली होते. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासने सुमारे १,२०० माणसं मारली, आणि त्यानंतर गाझात जे झालं त्याचे आकडे लिहितानाही हात जड होतो. आजी आता नाहीत. त्या मास्तरांचा पत्ता मी घेतला नव्हता.

ट्रम्प यांच्या २० कलमी योजनेनंतर १० ऑक्टोबर २०२५ला युद्धबंदी झाली आणि १७ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने ठराव २८०३ने त्या योजनेला मान्यता दिली. या ठरावात आंतरराष्ट्रीय फौजेची तरतूद आहे, म्हणून मी तो सिनाई डोळ्यांसमोर ठेवून वाचायला घेतला. पॅलेस्टिनी राज्याचा उल्लेख आहे. पॅलेस्टिनी प्राधिकरणाने, म्हणजे पॅलेस्टिनी भागाचा कारभार बघणाऱ्या सरकारने, सुधारणा केल्या, गाझाची उभारणी पुढे सरकली, तर राज्याकडे जाणाऱ्या विश्वासार्ह मार्गासाठी परिस्थिती तयार होऊ शकेल, असं म्हटलंय. सुधारणा पुरेशा झाल्या हे कोण ठरवणार? तारीख कोणती? मी दोनदा वाचला, तारीख नाही. १९७८च्या त्या दुसऱ्या कागदावर निदान पाच वर्षं असं लिहिलं होतं.