धोरण संशोधन संस्थेत अर्थशास्त्राच्या पदवीशिवाय काम मिळतं का?

नक्की मिळतं. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासून आहे, धनंजयराव गाडगीळांसारखा मोठा अर्थतज्ज्ञ तिथे संचालक होता. त्यामुळे इथे धोरण म्हटलं की लोकांना आधी अर्थशास्त्रच आठवतं. पण पुण्यातल्याच 'प्रयास' या स्वयंसेवी संस्थेचा ऊर्जा गट बघा, त्याची सुरुवातच इंजिनिअर मंडळींनी केली. वीज कंपनीची दरवाढीची याचिका म्हणजे शेकडो पानं, ती हे लोक तपासतात. शेतीपंपांना मीटर नसले की त्यांचा वापर अंदाजाने धरतात. तो आकडा फुगवला की गळती आणि चोरी त्याखाली झाकली जाते. फीडरच्या, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीच्या, नोंदींशी तो ताडून पाहायचा आणि वीजदर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगाच्या जाहीर सुनावणीत मांडायचा, असं हे चिकाटीचं काम. आपल्या बिलाशी थेट संबंध असलेलं, म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं.

बाकी कायद्याचे पदवीधर, सर्वेक्षणाला गावोगाव जाणारे, अहवाल सोप्या मराठीत आणणारे लोकही लागतात. या शेवटच्यांना अजून पुरेसा मान मिळत नाही, तो मिळायला हवा.

अर्ज करताना नुसता बायोडेटा नको. राज्याच्या अर्थसंकल्पातलं एखाद्या खात्याचं पुस्तक उघडा, तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडा, त्यावर दोन पानी टिपण लिहून सोबत जोडा.