वाचकांचे प्रश्न : दसऱ्याचा नीलकंठ आणि इतर पाहुणे

प्रश्न : दसऱ्याला हिंगण्याजवळ विजेच्या तारेवर नीलकंठ दिसला. डोके आणि छाती फारच निळी होती. तो काश्मिरी नीलकंठ असेल का? (एक वाचक, हिंगणा)

असू शकतो, पण आधी तो आपला नेहमीचा चास (भारतीय नीलकंठ) नव्हता, हे दाखवावे लागेल. काश्मिरी नीलकंठ सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आफ्रिकेकडे जाताना मुख्यतः राजस्थान-गुजरातवरून जातो. नागपूर त्या वाटेच्या बरेच पूर्वेला. म्हणूनच इथली नोंद मोलाची, आणि तितकीच कसून तपासायची.

छातीच्या रंगावर भिस्त ठेवू नका. प्रौढ काश्मिरी नीलकंठाचे डोके-छाती सलग फिकट निळी असते, चासाची छाती विटकरी-जांभळट आणि तीवर पांढुरक्या रेघा, हे खरे. पण शरदात त्याच वर्षीची पिल्लेही प्रवासात असतात, आणि काश्मिरी नीलकंठाच्या पिल्लाची छाती तपकिरी झाक असलेली, पुसट रेघांची असते. उलट फोटोत उजेड जास्त झाला की चासाच्या छातीचा विटकरी रंग पार धुऊन निघतो.

निर्णय उडताना होतो. चासाच्या पंखावर गडद आणि फिकट निळे पट्टे ठळक दिसतात, शेपटीच्या टोकालाही रुंद गडद पट्टा असतो. काश्मिरी नीलकंठाची उड्डाणपिसे सलग काळपट; खालून पाहिले तर पंखाचा पुढचा भाग फिकट निळा, मागचा काळा. शेपटीला तो रुंद पट्टा नसतो. तेव्हा बसलेल्या पक्ष्याचे दहा फोटो झाले की थांबा. तो किडा टिपायला खाली झेपावतो आणि पुष्कळदा त्याच जागी परततो. शटरचा वेग १/२००० ठेवून ती झेप पकडा. खडा मारून किंवा टाळ्या वाजवून त्याला उडवू नका. लांबच्या प्रवासातल्या पक्ष्याला खाण्याची प्रत्येक संधी हवी असते.

प्रश्न : उमरेड रस्त्यावर १० ऑक्टोबरला एक ससाणा हवेत एकाच जागी पंख फडफडवत होता. अमूर ससाणा म्हणून नोंदवला. बरोबर? (एक वाचक, दिघोरी)

बहुतेक ती खरूची (केस्ट्रेल, ससाण्यांतलाच एक छोटा पक्षी) असावी. अमूर ससाणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागालँडमधल्या दोयांग जलाशयासारख्या ठिकाणी थांबतात आणि तिथून मुख्यतः नोव्हेंबरमध्ये निघून भारत आणि अरबी समुद्र ओलांडतात. १० ऑक्टोबर ही तारीख त्यामुळे फार लवकरची. एकाच जागी फडफडणे दोघेही करतात, त्यावरून ठरवू नका. पाय पाहा: खरूचीचे पिवळे, अमूरचे नारिंगी-लाल. अमूर नराच्या पंखाखालचा पुढचा भाग पांढरा असतो, ही उडतानाची पक्की खूण.

प्रश्न : ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) माझ्या नोंदीला पुरावा मागितला. फोटो नाही. नोंद काढून टाकू का? (एक वाचक, धरमपेठ)

काढू नका. त्या भागात, त्या तारखेला तो पक्षी किंवा एवढी संख्या अनपेक्षित असली की यंत्रणा विचारतेच. तो तुमच्यावरचा अविश्वास नव्हे. शेऱ्यात अंतर, उजेड कोणत्या बाजूने होता, पक्षी किती वेळ दिसला आणि प्रत्यक्ष दिसलेल्या खुणा लिहा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणता सारखा दिसणारा पक्षी तुम्ही कशावरून बाद केला, ते लिहा. पुस्तकातले वर्णन उतरवले की नोंद कमकुवत होते, कारण त्यात न दिसलेल्या खुणाही शिरतात. टिपण जागेवरच करा, पुस्तक उघडण्याआधी.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये अंबाझरी तलावावर गेलो, तुतवार-चिखल्या (चिखलात चरणारे काठचे पक्षी) जवळपास नाहीतच. उशीर झाला का? (एक वाचक, प्रतापनगर)

उशीर नव्हे, पाणी जास्त. पावसाळ्यानंतर तलाव भरलेला असतो आणि या पक्ष्यांना हवा असतो उघडा, ओला चिखल. पाणी उतरले की काठ मोकळे होतात. तोवर धानाच्या बांध्या आणि उथळ डबकी पाहा. हिरवा तुतवार ऑगस्टपासूनच अशा डबक्यांवर भेटतो: पाठ गडद, उडताना कमरेला पांढरा डाग, पंखाची खालची बाजू काळपट. त्याच्यासारखाच ठिपकेदार तुतवार पंखाखाली फिकट असतो.

अंबाझरीचा बांध पूर्वेला आहे, म्हणून तिथे सकाळी जा. ऊन पाठीशी राहते. संध्याकाळी तिथून प्रत्येक बदक काळेच दिसते.