सायबर करारांच्या अभ्यासाला सुरुवात करताय?

उत्साह छान आहे, पण एकदम सगळं अंगावर घेऊ नका. पहिला महिना बुडापेस्ट करारालाच, म्हणजे सायबर गुन्ह्यांवरच्या आंतरराष्ट्रीय करारालाच द्या. तो २००१ मध्ये सह्यांसाठी खुला झाला आणि २००४ पासून लागू आहे. जेमतेम ४८ कलमं आहेत. त्यावरचे लेख नंतर, आधी मूळ मजकूर.

वाचताना एकच प्रश्न धरा: गुन्हेगार एका देशात, सर्व्हर दुसऱ्यात, फसलेला माणूस तिसऱ्यात, मग पुरावा कोणी कोणाकडे मागायचा? डेटा पुसला जाण्याआधी तो जपून ठेवायला सांगण्याची सोय कलम २९ मध्ये आहे, तर चोवीस तास चालणाऱ्या संपर्क केंद्रांची कलम ३५ मध्ये. खरा जीव या दोन कलमांत आहे. भारत या करारात नाही. का नाही, हा तुमचा पहिला गृहपाठ!

मग संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०२४ मध्ये स्वीकारलेला सायबर गुन्ह्यांविरुद्धचा करार शेजारी ठेवून ताडून पाहा.

नवखे हमखास कुठे घसरतात:
- सही झाली म्हणजे करार लागू झाला, असं धरतात. अनुमोदन, म्हणजे सहीनंतर देशाने करार अधिकृतपणे स्वीकारणं, ही वेगळी पायरी. (माझ्या पहिल्या टिपणात हाच घोळ होता.)
- 'टॅलिन मॅन्युअल'ला करार समजतात. सायबर हल्ल्यांना आंतरराष्ट्रीय कायदा कसा लागू होतो, यावरचं ते तज्ज्ञांचं मत आहे, कोणत्याही देशावर बंधनकारक नाही.
- गुन्हेगारी आणि एका देशाने दुसऱ्यावर केलेला हल्ला एकाच पोत्यात भरतात.

समाजमाध्यमांवरच्या मजकुराचे नियम, युरोपचा डिजिटल सेवा कायदा वगैरे सध्या बाजूलाच राहू द्या. गृहपाठ झाला की लिहा, मग पुढचं सांगतो.