शर्टावर डाग पडला की सगळे आपल्याकडेच बघताहेत असं का वाटतं?

कारण तो डाग तुमच्या डोक्यातून जात नाही. इतरांच्या डोक्यात तो शिरलेलाच नसतो. याला स्पॉटलाइट इफेक्ट म्हणतात. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या प्रयोगात विद्यार्थ्याला चारचौघांत लाज वाटेल असा, एका गायकाचा चेहरा छापलेला टीशर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्यांनी तो चेहरा ओळखला असेल, असा त्याचा अंदाज. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं! किती जणांच्या लक्षात आलं याचा हिशेब आपण स्वतःच्या अवघडलेपणावरून मांडतो, मग तो आकडा पुरेसा खाली आणत नाही. (हे माहीत असूनही मी बॅग पुढे धरून डाग झाकतोच.) उलटही खरं बरं का: चर्चेत तुम्ही मांडलेला भारी मुद्दासुद्धा इतरांच्या तेवढा लक्षात राहत नाही.