वाचकांचे प्रश्न : फिल्मचा नवा रेंजफाइंडर कॅमेरा कसा असावा?

फिल्मवर चालणारा रेंजफाइंडर कॅमेरा, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधल्या (डोळा लावून पाहायच्या खिडकीतल्या) दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायचा कॅमेरा, आज नव्याने घडवायचा झाला, तर त्यात कोणत्या सुधारणा व्हाव्यात, असे आम्ही गेल्या अंकात वाचकांना विचारले होते. लायकाने २०२२ साली एम६ हा आपला जुना रेंजफाइंडर पुन्हा बाजारात आणला आणि २०२४ साली पेंटॅक्स १७ हा अगदी नव्या आखणीचा फिल्म कॅमेरा आला. त्यामुळे हा प्रश्न आता केवळ कल्पनारंजनाचा राहिलेला नाही. आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे ०.७२ वर्धनाच्या, म्हणजे दृश्य ०.७२ पट दाखवणाऱ्या व्ह्यूफाइंडरचा एम६ आहे. ९० मिमीची लेन्स एफ/२ वर, म्हणजे छिद्र बरेच मोठे उघडून व्यक्तिचित्रे काढतो, तेव्हा प्रत्येक रोलमधली काही चित्रे थोडक्यात हुकतात. नव्या कॅमेऱ्यात ऑटोफोकस आणणे हाच यावरचा उपाय नव्हे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ऑटोफोकसची मागणी बऱ्याच पत्रांत आहे, पण आम्हांला ती पटत नाही. कॉन्टॅक्सने १९९४ मध्ये जी१ आणि १९९६ मध्ये जी२ हे लेन्स बदलता येणारे ऑटोफोकस कॅमेरे काढले होते. त्यांच्या लेन्स उत्तम होत्या. मात्र व्ह्यूफाइंडरच्या मध्यभागी दोन प्रतिमा एकमेकींवर आणून बसवण्याची सोय त्यांत नव्हती, त्यामुळे फोकस नेमका कुठे पडला आहे याची खात्री छायाचित्रकाराला स्वतःच्या डोळ्याने करून घेता येत नसे. ती खात्रीच काढून घेतली, तर रेंजफाइंडर वापरण्याचे कारण उरत नाही.

आपली अडचण मात्र खरी आहे आणि तिचे मूळ भूमितीत आहे. कॅमेऱ्याच्या दर्शनी बाजूला असलेल्या दोन खिडक्यांमधले अंतर ही रेंजफाइंडरची आधाररेषा. तिला व्ह्यूफाइंडरच्या वर्धनाने गुणले की डोळ्याला प्रत्यक्षात मिळणारी, म्हणजे परिणामी आधाररेषा कळते. १९५४ च्या लायका एम३ मध्ये ती सुमारे ६२ मिमी होती. आपल्या कॅमेऱ्यात ती ५० मिमी आहे, कोनिका हेक्सार आरएफमध्ये ४१ च्या आसपास होती आणि फोइग्टलेंडर बेसा आर२ मध्ये तर जेमतेम पंचवीस-सव्वीस. आता ९० मिमीची लेन्स एफ/२ वर ठेवून दोन मीटरवरच्या माणसाचे चित्र घ्या. रेखीव दिसणारा पट्टा पुढचामागचा मिळून साधारण ६ सेंमीचा असतो. डोळे स्पष्ट आणि कान पुसट, अशी ही अवस्था आहे. समोरच्या व्यक्तीने मान किंचित मागे घेतली तरी डोळे पट्ट्याबाहेर जातात. इतक्या बारीक कामाला ५० मिमीची आधाररेषा पुरते, पण चुकीला जागा ठेवत नाही.

म्हणून आमच्या मते पहिली सुधारणा व्ह्यूफाइंडरमध्ये व्हावी, आणि ती म्हणजे बदलते वर्धन. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅननच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत एका छोट्या खटक्याने वर्धनाच्या तीन पायऱ्या बदलता येत आणि सर्वांत मोठी पायरी दीडपटीची होती. लेन्समध्ये किती दृश्य येईल हे दाखवणाऱ्या चौकटीच्या उजळ रेषा त्यांत नव्हत्या, म्हणून ती कल्पना पुढे मागे पडली. आज ०.७ आणि १.२ अशा दोनच पायऱ्या दिल्या, तरी ६९ मिमीच्या आधाररेषेवर दुसऱ्या पायरीत जवळजवळ ८३ मिमी मिळतील, म्हणजे एम३ पेक्षाही बऱ्याच जास्त. त्याखाली ०.५८ ची आणखी एक पायरी दिली, तर चष्मा लावणाऱ्यांना २८ मिमीची पूर्ण चौकट डोळा इकडेतिकडे न फिरवता दिसेल. आज त्यांना ती दिसत नाही.

व्ह्यूफाइंडरबद्दल आणखी दोन गोष्टी. एम४-२ या कॅमेऱ्यापासून लायकाने व्ह्यूफाइंडरमधले एक भिंग खर्चापोटी वगळले आणि त्यानंतरच्या मूळ एम६ मध्ये उजेड तिरपा पडला की दोन प्रतिमा जुळवायचा मधला चौकोन पांढराफटक होऊन नाहीसा होऊ लागला. २००३ च्या एमपी या कॅमेऱ्यात ती उणीव भरून निघाली आणि २०२२ च्या एम६ लाही तोच सुधारित व्ह्यूफाइंडर मिळाला. नव्या कॅमेऱ्यात अशी काटकसर पुन्हा होऊ नये. दुसरी गोष्ट चौकटींच्या मापाची आहे. एम६ मधल्या चौकटी ०.७ मीटर अंतराला धरून आखलेल्या असल्यामुळे दूरच्या दृश्यात फिल्मवर चौकटीपेक्षा बरेच जास्त उतरते. काठ घट्ट बांधून चित्र रचणाऱ्याला हे फार खुपते. फोकसबरोबर चौकटीची जागाच नव्हे तर मापही बदलावे, अशी योजना कोनिका ३ए या न बदलणाऱ्या लेन्सच्या कॅमेऱ्यात १९५० च्या दशकाअखेरीस होती. लेन्स बदलणाऱ्या कॅमेऱ्यात ते अवघड आहे, पण खर्च करावा तर अशा ठिकाणी करावा.

नवा कॅमेरा येईपर्यंत आपण दोन कामे करावीत. दूरच्या मनोऱ्यावर किंवा चंद्रावर लेन्स अनंतावर ठेवून दोन्ही प्रतिमा तंतोतंत जुळतात का ते पाहावे आणि जुळत नसल्यास कॅमेरा जाणत्या कारागिराकडून जुळवून घ्यावा. त्यानंतर डोळ्याजवळच्या आट्यांवर बसणारे १.२५ पटीचे भिंग घ्यावे. ५० चे ६२ होतात, म्हणजे आधाररेषेपुरता आपल्याला एम३ मिळतो.

प्रश्न : घरच्या समारंभात भर उन्हात फ्लॅश वापरला की चित्र पांढरे पडते. रेंजफाइंडरमध्ये १/५० सेकंद हीच फ्लॅशची मर्यादा का? ती वाढवता येईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : लायकाच्या फिल्म रेंजफाइंडरांत शटरचे कापडी पडदे आडवे, म्हणजे ३६ मिमी अंतर सरकतात. १/५० पेक्षा वेग वाढवला की पहिला पडदा पलीकडे पोहोचण्याआधीच दुसरा निघतो आणि फिल्मवर एका क्षणी केवळ एक फट उघडी असते. फ्लॅशचा लखलखाट त्या फटीपुरताच उमटतो, म्हणून १/५० च्या पुढे जाता येत नाही. आता उन्हाचा हिशेब पाहू. ४०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशाला संवेदनक्षमता) फिल्मला लख्ख उन्हात एफ/१६ ला साधारण १/४०० लागतो. वेग १/५० वर आणायचा तर एफ/४५ इतके बारीक छिद्र हवे आणि या कॅमेऱ्यांच्या लेन्स सहसा एफ/१६ किंवा एफ/२२ ला थांबतात. आपले चित्र पांढरे पडते ते यामुळे.

धातूच्या पात्यांचे शटर उभे, म्हणजे २४ मिमीच सरकते. १९९९ च्या हेक्सार आरएफमध्ये अशा शटरने फ्लॅशची मर्यादा १/१२५ आणि कमाल वेग १/४००० दिला होता. निकॉनच्या एफएम३ए या एसएलआरमध्ये (आरशाच्या साहाय्याने लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात) तर ती मर्यादा १/२५० होती. १/२५० ला १०० आयएसओची फिल्म घातली, तर उन्हात एफ/१० च्या आसपास काम भागते आणि चेहऱ्यावरची सावली फ्लॅशने मोकळेपणाने भरता येते. कमाल वेगाचाही लाभ आहे. ४०० आयएसओचा रोल भरलेला असताना उन्हात १/१००० ला एफ/१० च्या पलीकडे लेन्स उघडता येत नाही, १/४००० ला एफ/५ पर्यंत जाता येते. शिवाय रेंजफाइंडरमध्ये लेन्सच्या मागे आरसा नसल्यामुळे लेन्स उघडी ठेवून कॅमेरा उन्हाकडे तोंड करून राहिला, तर कापडी पडद्याला भोक पडू शकते. धातूला ती भीती फारच कमी.

कापडी शटर अधिक शांत असते हे मान्य आहे, आणि मैफलीत पहिल्या रांगेत बसून चित्रे काढणाऱ्याला ते फार मोलाचे वाटेल. तरीही आम्ही धातूच्या शटरच्या बाजूने आहोत.

प्रश्न : नवा कॅमेरा पूर्ण यांत्रिक असावा की इलेक्ट्रॉनिक? बॅटरी संपली की कॅमेरा बंद, हे मला पटत नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर : आम्हांलाही पटत नाही, पण छिद्र आपण ठरवायचे आणि वेग कॅमेऱ्याने निवडायचा, ही सोय रस्त्यावर चित्रे काढणाऱ्याला खरोखर उपयोगी आहे. लायकाने २००२ च्या एम७ मध्ये ती दिली. बॅटरी गेल्यावर मात्र त्यात १/६० आणि १/१२५ हे दोनच वेग चालत. हेक्सार आरएफ आणि कोसिनाने घडवलेला झाईस इकॉन तर बॅटरीवाचून चालतच नाहीत. आता त्यांचे इलेक्ट्रॉनिक भाग बिघडले, तर दुसऱ्या बिघडलेल्या कॅमेऱ्यातून काढण्यावाचून गत्यंतर नसते. उलट १९५४ चा एम३ आजही दुरुस्त होतो, कारण त्याचे चाक किंवा स्प्रिंग कुशल कारागीर नव्याने घडवू शकतो.

ही निवड करण्याची गरजच नाही, हे निकॉनने २००१ साली एफएम३एमध्ये दाखवून दिले. त्यात सेकंदापासून १/४००० पर्यंतचे सगळे वेग बॅटरीशिवाय चालत, आणि बॅटरी असली की कॅमेरा वेग स्वतः निवडत असे. असे दुहेरी शटर रेंजफाइंडरच्या सडपातळ देहात बसवणे, हे आमच्या मते या कॅमेऱ्याचे सर्वांत कठीण आणि सर्वांत आवश्यक काम आहे.

प्रश्न : लायकात रोल भरताना खालचे झाकण पूर्ण निघते. ते ठेवायचे कुठे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बहुतेक जण ते दातांत धरतात. बिजागरीवर उघडणारी पाठ बेसा, झाईस इकॉन आणि हेक्सार या तिघांतही होती आणि तिने कुणाचेही नुकसान झाले नाही. नव्या कॅमेऱ्यात ती निश्चित असावी. तिला लहानशी खिडकी ठेवावी, म्हणजे कॅमेऱ्यात रोल आहे की नाही आणि कोणता आहे, हे न उघडता कळेल.

प्रश्न : कोकणातल्या पावसाळ्याचा विचार कुणी करेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : करायला हवा. एम मालिकेच्या फिल्म कॅमेऱ्यांना पाणी रोखणाऱ्या रबरी पट्ट्या नाहीत. मुसळधार पावसात चालणारा कॅमेरा आम्ही मागत नाही. निदान व्ह्यूफाइंडरची भिंगे आणि आरसे बंदिस्त असावेत, कारण बुरशी तिथे एकदा शिरली की लेन्सवरच्यासारखी सहज पुसता येत नाही.

प्रश्न : प्रत्येक चित्राचा वेग आणि छिद्र कॅमेऱ्याने नोंदवून ठेवावे, अशी माझी अपेक्षा आहे. हे का होऊ नये? (एक वाचक, बंगळूरु)

उत्तर : निकॉन एफ६ या फिल्म कॅमेऱ्यात अशी नोंद होत असे, तेव्हा मागणी अवाजवी नाही. अडचण लेन्सची आहे. एम माउंटच्या, म्हणजे लायका एम कॅमेऱ्यांच्या जोडणीवर बसणाऱ्या लेन्स आपले छिद्र कॅमेऱ्याला कळवत नाहीत. २००६ पासून त्यांच्यावर सहा ठिपक्यांची सांकेतिक खूण येऊ लागली, पण तिच्यावरून लेन्स कोणती एवढेच कळते, छिद्र कळत नाही. त्याची खरी नोंद हवी असेल, तर माउंट बदलावे लागेल आणि १९५४ पासून निघालेल्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसणार नाहीत. ती किंमत आम्हांला मान्य नाही. दुहेरी शटरच्या इलेक्ट्रॉनिक भागाला वेग आणि चित्राचा क्रमांक ठाऊक असतो. तेवढी नोंद त्याने ठेवावी आणि छिद्र वहीत लिहून ठेवावे.