घोट्याचं लिगामेंट पूर्ण फाटलंय, ऑपरेशन करावंच लागेल का?

व्हॉलीबॉलमध्ये उडीवरून उतरताना पाय आत वळला, एक्स-रेत काही नाही, पण एमआरआयमध्ये 'एटीएफएल कम्प्लीट टेअर' आलंय आणि दहा दिवसांनीही सूज आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे घोटे रोज बघते. रिपोर्ट वाचून धीर सोडू नका. लिगामेंट पूर्ण फाटलं तरी बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही.

लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारी पट्टी. एटीएफएल ही घोट्याच्या बाहेरच्या हाडापासून पुढे जाणारी पट्टी. पाय आत वळला की आधी तीच फाटते. झटका मोठा असेल तर तिच्या खालची, सीएफएल नावाची पट्टीही. घोटा किती ढिला झालाय हे मात्र हाताने तपासूनच ठरवावं लागतं. एका हाताने नडगी धरून दुसऱ्या हाताने टाच पुढे ओढायची आणि चांगल्या पायाशी ताडून बघायचं. पहिल्या दिवशी दुखण्यामुळे पेशंट पाय आवळून धरतो, नीट कळत नाही. चार-पाच दिवसांनी कळतं. म्हणून आता ऑर्थोपेडिककडे पुन्हा जा. नडगीची दोन्ही हाडं मधोमध दाबल्यावर घोट्याच्या वर कळ येते का, तेही बघायला सांगा. येत असेल तर दोन हाडांना बांधणारं वरचं लिगामेंट दुखावलेलं असू शकतं, त्याचे उपचार वेगळे.

फक्त एटीएफएल फाटलेली असेल तर महिनाभर प्लास्टर नको. दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या असलेला अँकल ब्रेस चार ते सहा आठवडे वापरा आणि झेपेल तेवढा भार देत चाला. पाय 'बसवून' देणाऱ्यांकडे जाऊन ओढून घेऊ नका, जोरात चोळूही नका. पोटरी सुजून दुखू लागली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

व्यायाम आत्तापासूनच करायचे. बसल्या बसल्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवा. दुखणं उतरलं की रबरी पट्ट्याच्या ताणाविरुद्ध पाऊल बाहेरच्या बाजूला ढकला. मग एका पायावर उभं राहणं, आधी भिंतीजवळ, नंतर डोळे मिटून, नंतर उशीवर. सुरुवातीला पाऊल डावं-उजवं लटपटतं, बोटं जमीन धरायला बघतात. पाऊल कुठे वळतंय ही खबर मेंदूला देणाऱ्या नसा लिगामेंटमध्येही असतात. फाटल्यावर ती खबर उशिरा पोचते आणि ती सवय अशा व्यायामानेच परत लागते. सूज उतरली की लोक नेमका हाच भाग सोडून देतात, आणि थोड्याच दिवसांत तोच पाय पुन्हा मुरगळून येतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे टाळता येण्यासारखं असतं.

तीन ते सहा महिने नेटाने व्यायाम करूनही सपाट रस्त्यावर पाय दगा देत असेल, तर ऑपरेशनचा विचार करायचा. स्वीडनचे सर्जन ब्रोस्ट्रॉम यांनी 1966 साली मांडलेली, फाटलेलं लिगामेंट शिवून घट्ट करण्याची पद्धत, थोडेफार बदल होऊन आजही वापरात आहे.

मैदानावर परतायची तारीख कॅलेंडर बघून ठरवू नका. दुखऱ्या पायावर लंगडी घालता आली, आडवं धावून एकदम थांबता आलं, उडी मारून त्याच पायावर उतरता आलं की खेळा. पुढचे काही महिने खेळताना ब्रेस मात्र घालाच.